चिकटपट्टीच्या भिंती

"अहो, थांबा. तुम्ही न्हाणीघरात उभ्या आहात."

ती जागच्या जागी थिजली. हातात फायलींचा ढीग, काखेत वही, आणि आजूबाजूला होतं काय, तर सभागृहाची नुसती मोकळी फरशी. नळ नाही, बादली नाही, दार तर नाहीच नाही. समोर एक तरुण गुडघ्यांवर बसलेला. दातांत निळ्या चिकटपट्टीचं टोक. आणि तो तिच्याकडे असा बघत होता, जणू ती खरोखरच कुणाच्या तरी आंघोळीच्या वेळी आत घुसली आहे.

"कुठे उभी आहे म्हणालात?"

"न्हाणीघरात. तेही भिंतीतून आलात."

तिने खाली पाहिलं. फरशीवर निळ्या पट्टीच्या रेघाच रेघा. रोज सकाळी ती ज्या वाटेने आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी जायची, त्या वाटेवर या माणसाने एका रात्रीत घर घातलं होतं.

"मग आता बाहेर कशी येऊ?"

"दारातून. ते तिकडे... नाही, ते कपाट. डावीकडे. हं."

आता कुणी शहाणी बाई असती तर सरळ चालत गेली असती. पण हिला काय झालं कोण जाणे, ती डावीकडे वळली, नसलेल्या दारातून बाहेर आली आणि वळून नसलेलं दार ओढूनही घेतलं. "कडी लावू का बाहेरून?"

तो हसला, आणि दातांतली पट्टी त्याच्या हनुवटीला चिकटली. "नको... मला अजून आत हात धुवायचेत."

असं झालं ते. भेटायला माणसांना बागा असतात, नदीकाठ असतात. ही दोघं भेटली न्हाणीघरात.

ती होती परवडणाऱ्या घरांसाठी नेमलेल्या सरकारी सल्लागार समितीची लघुलेखिका. सदस्य बोलायचे, ती टिपायची आणि मग त्याचं इतिवृत्त तयार करायची. तिला कुणी काही विचारत नसे. तो होता समितीसाठी कंत्राटावर घेतलेला नवा नकाशेवाला. आणि सरकारने समितीला विचारलेला प्रश्न साधाच होता: स्वस्तातलं घर किती लहान असलं, तरी त्याला घर म्हणता येईल? समिती जो सल्ला देईल, त्या मापाची हजारो घरं शहराबाहेरच्या माळावर उभी राहणार होती.

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. आयुष्यभर लोकांच्या घरगुती भांडणांचे निकाल दिलेल्या. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर सगळं मावतं," असं म्हणून त्यांनी आपली पद्धत घालून दिली होती. कुठल्याही घराची शिफारस करण्याआधी ते घर सभागृहाच्या फरशीवर खऱ्या मापात आखायचं आणि एका जोडप्याने त्यात आठवडाभर दिवसा संसार करून दाखवायचा. स्वयंपाक, धुणं, पाहुणे, सगळं. बाहेर खुर्चीत एक निरीक्षकबाई बसणार. दोघं एकमेकांच्या वाटेत आली की त्या एक 'अडचण' मांडणार. अडचणी फार झाल्या, की नकाशा नापास.

त्यासाठी कार्यालयातल्याच एका कारकुनाला बायकोसकट बोलावलं होतं. कारकुनाची बायको आली, तिने त्या निळ्या रेघा बघितल्या, पर्स खांद्याला लावली. "घरी एक संसार आहे, तेवढा पुरे," म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल उचलली आणि तिचं टोक हवेत फिरवलं. ते आधी नकाशेवाल्यावर थांबलं. मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे आलं.

"तुम्ही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही याची बायको व्हा."

लघुलेखिकेच्या हातातून पेन गळून पडलं. इतक्या वर्षांत तिच्या लग्नाचं नाव निघालं होतं ते फक्त भावाच्या घरी आणि तेही हळू आवाजात. इथे भर बैठकीत, सहा सदस्यांसमोर, एकमताने ठराव मंजूर.

"पण इतिवृत्त... बाई..."

"संसार सांभाळून लिहा."

तिने नकाशेवाल्याकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

पहिल्या दिवशी दोघंही लाकडासारखी. पुठ्ठ्याची शेगडी, पण भाजी खरी. खरी भांडी, पाण्याचं पिंप, पाळणा, घडीची खाट, कपड्यांची दोरी. बाळ म्हणून एक उशी दिली होती. ती ओट्याशी भाजी चिरत होती आणि तो खाटेवर उशी मांडीवर घेऊन ताठ बसला होता.

"बाळ रडतंय," निरीक्षकबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांना वेळापत्रकाप्रमाणे तसं म्हणावं लागायचं.

तो उठला. उशी खांद्यावर घेतली. थोपटायला लागला. चार पावलं जायची, चार यायची, कारण पाचव्या पावलाला भिंत.

"तुम्ही उलटं धरलंय त्याला," ती न राहवून म्हणाली.

"उशीला सुलट बाजू असते?"

"शिवण खाली. डोकं वर."

"बघ रे," तो उशीला म्हणाला, "आई आल्यापासून आपल्याला नुसत्या सूचना."

ती हसली नाही. म्हणजे तोंडाने हसली नाही. पण विळीवरचा हात चुकला आणि गाजराचा तुकडा टणकन उडून थेट निरीक्षकबाईंच्या पायाशी गेला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ही अडचण मांडायची की नाही, त्यांना ठरवता येईना.

मग रोजचंच झालं. सकाळी ती यायची, त्या दारातून आत शिरायची, आणि तो विचारायचा, "आज उशीर?" आणि ती म्हणायची, "बस चुकली." खरं तर बस चुकलेली नसायची. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत केस नीट करण्यात वेळ गेलेला असायचा. हे तिच्या लक्षात आलं त्या सकाळी ती त्या काचेसमोरच हादरून उभी राहिली. अगं बाई, तिने स्वतःला विचारलं, तू कुणासाठी हे करते आहेस... पट्टीच्या घरातल्या नवऱ्यासाठी?

दुपारी बाहेर भुरभुर पाऊस लागला की सभागृहातला उजेड मऊ व्हायचा. तो खाटेवर बसून पेन्सिलीला टोक काढायचा, ती इतिवृत्त लिहायची. बोलणं नसायचं. मान वर केली की तो आधीच तिच्याकडे बघत असायचा आणि मग दोघंही एकदम खिडकीकडे बघायची. खिडकी तिकडे नव्हतीच, तिकडे भिंत होती. पण त्याची पर्वा कुणाला.

"तुम्ही कुठे राहता?" एकदा त्याने विचारलं.

"भावाच्या स्वयंपाकघरात."

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. एक खोली भाऊ-वहिनीची, दुसरी त्यांच्या जुळ्यांची. हिचं अंथरूण ओट्याखाली. वहिनी आणि ती एकेकाळी जिवाभावाच्या मैत्रिणी. आता सकाळी ओट्याशी कोपराला कोपर लागतं. वहिनी म्हणते, "वन्सं, जरा सरता का," आणि त्या 'जरा'ला हल्ली धार आलेली असते. हिच्याही उत्तराला असते. "वाईट ती नाही, वाईट मीही नाही," ती म्हणाली. "पण दिवसभर कुणी ना कुणी सरायचं म्हटलं, की माणूस आतून कडू होतो हो."

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "माझी आई ताईच्या सासरी राहते. जावयाच्या दारात. एका कोपऱ्यात बसून असते, कुणाला अडचण नको म्हणून. नोकरी पक्की झाली की तिला आणणार आहे."

आणि नोकरी कशावर अडली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. विभागाच्या सचिवांनी भर सभागृहात सांगितलं होतं: नकाशा पास झाला तर नकाशेवाला कायम, नापास झाला तर महिनाअखेर कंत्राट संपलं. आणि नकाशा पास होणार यात कुणाला शंकाच नव्हती. निरीक्षकबाईंच्या पानावर अडचणी जवळजवळ नव्हत्याच. सचिव येता-जाता हात चोळायचे. इतकं लहान घर, इतकं स्वस्त, आणि दोघं कशी सुखात नांदतायत बघा.

शेवटच्या आदल्या दिवशी सचिवांनी नकाशेवाल्याला माळावरच्या जागेची पाहणी करायला नेलं. संसार अडू नये म्हणून त्याच्या जागी भांडारपालांना उभं केलं. भांडारपाल म्हणजे सज्जन माणूस. अंगाने जरा ऐसपैस, पण बोलायला गोड, बायकोला घाबरणारा.

ती ओट्याशी गेली. ते पाणी प्यायला आले. तिची पाठ पिंपाला लागली. ती वळली, त्यांचा खांदा तिच्या नाकावर. "माफ करा हं ताई," म्हणून ते मागे सरले ते दोरीत अडकले. कपडे वाळत घालायचे तर त्यांनी खाटेवरून पाय उचलायचे, पाय उचलायचे तर बाळ पाळण्यात ठेवायचं, पाळणा ठेवायचा तर दार उघडत नाही. निरीक्षकबाईंची पेन्सिल थांबेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडारपालांचा घाम निथळत होता आणि तिचा आवाज... तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानांवर पडला: "जरा सरता का."

अगदी वहिनीचा आवाज. तोच 'जरा', तीच धार.

तेच घर, तीच भाजी, तीच ती. मग आठवडाभर अडलं कसं नाही?

सगळे जेवायला गेले तेव्हा ती एकटीच त्या घरात उकिडवी बसली आणि तिने पट्टीवरून बोट फिरवलं. सगळीकडे पट्टी नवीकोरी, निळीशार. पण ओट्यासमोरच्या भिंतीशी ती पार मळून, झिजून पांढरी पडली होती. तिच्यावर बुटांचे ठसे होते. एकावर एक, किती तरी.

आता तिला आठवलं. ती ओट्याशी आली की तो बाजूला व्हायचा. ती दोरीशी गेली की तो बाजूला व्हायचा. आणि बाजूला व्हायला त्या घरात जागा नव्हती, म्हणून तो भिंतीतून बाहेर जायचा. रोज, दिवसभर. निरीक्षकबाई बघत होत्या दोघं आपटतात का ते. तो जातो कुठे, हे कुणी बघितलंच नव्हतं. तिनेही नाही.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ती जिन्याशी थांबली होती. त्याचे बूट माळावरच्या चिखलाने भरले होते आणि चेहरा आनंदाने.

"जागा सुंदर आहे," तो म्हणाला. "वारा काय, उजेड काय..."

"तुम्ही भिंतीतून बाहेर जात होता."

"कोण?"

"तुम्ही. रोज. मी आले की. पट्टीवर तुमच्या बुटांचे ठसे आहेत."

तो हसायला गेला आणि हसू मध्येच थांबलं. त्याचा चेहरा असा उतरला की तिला कळलं, याला खरंच माहीत नव्हतं. ज्याने बोटाबोटाने मोजून ती भिंत घातली, त्यालाच.

"मी मुद्दाम नाही..." तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. तुम्ही आलात की पाय आपोआपच..."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडक्या लावत होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"उद्या तुम्हाला विचारतील," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग... तुम्ही काय सांगणार?"

तिला त्याच्या आईचा कोपरा दिसला. तिला माळावरची हजारो स्वयंपाकघरं दिसली आणि प्रत्येकात एकेक वहिनी. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सचिवांनी अडचणींचा तक्ता वाचला. भांडारपालांचा दिवस 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणून वगळला होता. सदस्यांनी माना डोलावल्या. अर्थतज्ज्ञ सदस्य तर म्हणाले की घर आणखी एक हात लहान करता येईल.

अध्यक्षबाईंनी मात्र पेन्सिल उचलली. "त्यात राहिलेल्या बाईंना विचारू या. काय हो, या घरात दोन माणसांना राहता येतं?"

ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा त्या सभागृहात तिला टिपण्याऐवजी बोलायचं होतं. नकाशेवाला भिंतीला टेकून उभा होता, खऱ्या भिंतीला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू मान हलवली. नको सांगू, अशी नव्हे. सांग, अशी.

"राहता येतं," ती म्हणाली. "मी राहिले."

सचिवांनी हात चोळले.

"पण माझं मत धरू नका."

"का बरं?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हे आठवडाभर भिंतीबाहेर पाय टाकून मला वाट देत होते. पट्टी बघा, झिजली आहे. खरी भिंत असती तर गेले असते कुठे? आणि मला ते दिसलं नाही, कारण..." ती थांबली. सहा सदस्य, सचिव, निरीक्षकबाई, भांडारपाल, सगळे टक लावून बघत होते. "...कारण मला हा माणूस आवडतो, बाई. तो असला की मला जागा कमी पडतच नव्हती. त्याने मला पाळण्यात बसवलं असतं तरी मी पुरेशी जागा आहे म्हटलं असतं. पण माळावर राहायला येणारी माणसं दमून घरी येतील. एकमेकांवर चिडलेली असतील. सासू असेल, दीर असेल, नणंद असेल. त्यांनी एकमेकांवर असं प्रेम करावं, अशी अट समितीला घालता येणार नाही."

अर्थतज्ज्ञांचं तोंड उघडंच राहिलं. भांडारपालांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. ती स्वतःच इतकी हबकली होती की बसायचं असतं हेही विसरली.

आपण हे बोललो? एवढ्या माणसांत?

"हे..." सचिवांनी घसा खाकरला, "हे इतिवृत्तात घ्यायचं नाही."

"सभेत बोललेलं सगळं इतिवृत्तात येतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग लघुलेखिकेकडे वळून, आवाज जरा मऊ करून, "लिहा, बाई. सावकाश लिहा."

तिने लिहायला घेतलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं उमटत होतं. नकाशेवाला तेवढ्यात पुढे आला. म्हणाला, "माझंही लिहा. पाहणी सदोष आहे. पट्टीवरचे ठसे माझेच. ओट्यासमोर एक माणूस उभा असताना, तो न सरता, मागून दुसरा जाऊ शकेल इतकी जागा हवी. ती मी ठेवली नाही. नकाशा चुकलाय." आणि तो तसाच बाहेर निघून गेला.

समितीने नकाशा नापास केला. ओट्यासमोर जागा वाढवल्याशिवाय शिफारस नाही, असा ठराव झाला. सचिवांनी कागद आवरता आवरता, कुणाकडेही न बघता सांगितलं की नवा नकाशा नवा माणूस काढील.

ती धावतच बाहेर आली. तो पायऱ्यांवर बसला होता. भुरभुर चालूच होती, त्याचे खांदे भिजले होते. ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये दोघं मावतील एवढं अंतर ठेवून.

"नोकरी गेली," तो म्हणाला.

"माझ्यामुळे."

"हो. तुमच्यामुळे."

तिला वाटलं, संपलं. आता हा उठेल, जाईल, आणि उद्यापासून ती पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी. तिने ओठ घट्ट मिटले.

"आईला काय सांगू, तेच ठरवत होतो," तो म्हणाला. "सांगेन, अजून थोडं थांब. एका बाईंनी खरं सांगितलं म्हणून थांबावं लागतंय." तो तिच्याकडे वळला. "आत जे बोललात... ते पाहणीपुरतं होतं, की..."

"मी पाहणीत खोटं बोलत नाही."

"बघा हं. माझ्याकडे नोकरी नाही, घर नाही. दुसऱ्यांच्या खोलीत नुसती कॉट भाड्याने घेऊन राहतो. दुसरं काम मिळेपर्यंत काही म्हणता काही नाही. ठेवायला दोन भिंतीसुद्धा नाहीत."

"आठवडाभर तरी भिंती कुठे होत्या?" ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग सरकला. दोघांमधल्या अंतरात सरकला, पार तिच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत, आणि या वेळी मागे हटला नाही. त्याचा हात थंडगार होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"संध्याकाळी घरी चल," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिला कळलंही नाही. "भाऊ आहे, वहिनी आहे. बसायला जागा नाही आमच्याकडे."

"उभा राहीन. भावाला विचारायचं ना?"

"विचारायचं नाही. सांगायचं."

हे आपणच बोललो, हे उमगून ती पुन्हा एकदा दचकली. पण हात सोडला नाही.